देवळाच्या मंडपात मुलींना गुण देणारे आम्ही कोण?

गेल्या भाद्रपदात, घटस्थापनेला आठ-दहा दिवस उरले असताना, दिचोली महालातील आमच्या देवस्थानच्या उत्सव समितीचे दोन तरुण कार्यकर्ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. हाती गुळगुळीत कागदावर छापलेली पत्रिका होती. वर देवीचे चित्र. त्याखाली ठळक अक्षरांत ‘किशोरी सक्षमीकरण परिषद’. आणि त्याच्याही खाली, आणखी ठळक अक्षरांत, ‘नवदुर्गा सौंदर्य-व्यक्तिमत्त्व स्पर्धा, वय वर्षे १३ ते १८’. मी त्या देवस्थानचा महाजन, त्यातून छत्तीस वर्षे मास्तरकी केलेला. तेव्हा परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एक मी भूषवावी अशी त्यांची इच्छा होती. मुले चांगली, दोघेही माझ्या हाताखाली शिकलेले. मी होकार दिला. या लेखात पुढे जे काही कठोर लिहिले जाईल त्यातला पहिला वाटा माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

परिषद सकाळी दहाला सुरू व्हायची ती पाहुणे उशिरा आल्यामुळे अकराला सुरू झाली. ‘आजची किशोरी, उद्याची माता’ या विषयावर पाऊण तास व्याख्यान झाले. समोर तेवीस मुली बसल्या होत्या. प्रत्येकीच्या छातीवर त्याच वेळी क्रमांकाची चकती टाचलेली होती, आणि साऱ्यांचे लक्ष संध्याकाळच्या वेषभूषेकडे लागले होते. व्याख्यानानंतर आभार, आभारानंतर भोजन. सक्षमीकरण तेवढ्यात आटोपले. उरलेला सारा दिवस केशरचना, रंगरंगोटी आणि चालण्याची तालीम यांत गेला. दिवेलागणीनंतर मंडपात झगझगीत प्रकाश झाला, ध्वनिवर्धकावर चित्रपटातले संगीत लागले, आणि आमच्या ओळखीच्या घरांतल्या त्या मुली एकेक करून चौकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत आल्या, थांबल्या, वळल्या, परत गेल्या. कडेला बाजारपेठेतली माणसे मोबाइल उंचावून उभी होती. माझ्यापुढे एक छापील तक्ता होता : चाल, वेषभूषा, हास्य, आत्मविश्वास. प्रत्येकी दहा गुण.

सात क्रमांकाच्या मुलीला मी हास्यासाठी चार गुण दिले. ती हसलीच नव्हती.

मध्यंतरात ती दीपस्तंभाशी एकटीच उभी होती. मी सहज विचारले, ‘बाय, तूं हांसली कित्याक ना?’ तिने ओठ मिटलेले ठेवूनच उत्तर दिले : ‘म्हजे दांत वांकडे, सर. आवयन सांगलां, तोंड उगडूं नाका.’

मुलींना बोलते करण्यासाठी भरवलेल्या परिषदेत आईने मुलीला दिलेला उपदेश हा, की तोंड उघडू नकोस. यात त्या आईचा दोष काडीइतका नाही. आम्ही जो तक्ता छापला होता तो तिने आमच्यापेक्षा नीट वाचला होता.

आता समितीच्या मित्रांचे म्हणणे ऐकू. ते मला पुष्कळ वेळा ऐकवण्यात आले आहे आणि ते सर्वस्वी पोकळ नाही. पहिले म्हणणे असे, की स्पर्धेवाचून परिषदेला कुत्रेही फिरकत नाही. ‘सर, नुसते भाषण ठेवले तर पाच मुली येतील, मुकुट ठेवला म्हणून तेवीस आल्या.’ दुसरे असे, की मुलींना धीटपणा येतो. जिने उभ्या जन्मात ध्वनिवर्धकासमोर स्वतःचे नाव उच्चारले नाही ती शेकडो माणसांपुढे चालून जाते. तिसरे असे, की ही काही परदेशी सौंदर्यस्पर्धा नव्हे. मुली नऊवारी नेसल्या होत्या, नथ ल्याल्या होत्या, देवीची रूपे घेऊन आल्या होत्या.

तिसऱ्या म्हणण्याचा निकाल आधी लावू, कारण ते सर्वांत लंगडे आहे आणि सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच पडतात. आमच्या या दोन महालांतल्या देवी कोणत्या रूपात बसल्या आहेत हे समितीने कधी पाहिले आहे काय? सातेरी ही गोमंतभूमीची आदिमाया. तिचे मूळ रूप म्हणजे रोयण, मातीचे वारूळ. त्या वारुळाला नाक नाही, कंबर नाही, चाल नाही. शिरगावची लईराई कलशरूपाने पुजली जाते आणि मोगऱ्याच्या फुलांनी प्रसन्न होते. लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजेची मोरजाई या आणि त्यांच्या आणखी बहिणी मिळून सात, असे लोक मानतात. त्यांतली एक मिराबाय तर म्हापशाला मिलाग्रीस सायबीण होऊन राहिली, आणि आमची माणसे तिच्या फेस्ताला तेल घेऊन जातात. या सात बहिणींनी गावे वाटून घेतली. त्यांच्यात पहिली कोण, दुसरी कोण आणि उत्तेजनार्थ कोण, हे ठरवायला कोणी तीन महाजन खुर्च्या टाकून बसल्याची कथा मी तरी ऐकलेली नाही. पेडण्याच्या भगवतीची मूर्ती अष्टभुजा आहे, दारात काळ्या पाषाणाचे दोन हत्ती उभे आहेत. त्या आठ हातांकडे पाहताना कोणाला गुणपत्रिका आठवत असेल तर त्याने देवळात न गेलेलेच बरे. देवीचे नाव घेऊन आणि नऊवारीची घडी घालून आपण जे मंचावर आणले त्याचा जन्म आमच्या देव्हाऱ्यात झालेला नाही. अमेरिकेत १९२१ सालापासून हा खेळ चालत आला. तेथल्याच ‘मिस अमेरिका’ स्पर्धेने २०१८ साली पोहण्याच्या पोशाखातली फेरी बंद केली आणि यापुढे बाह्य रूपावरून पारख करणार नाही असे जाहीर केले. ज्यांनी हे सुरू केले त्यांना शंभर वर्षांनी लाज वाटू लागली, आणि आम्ही त्याला आता हळद-कुंकू लावून घरात घेत आहोत!

आणि आमच्याच मंडपात का? ही गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण देवळाच्या माणसांनी ती एकमेकांना सांगायची नाही तर कोणी सांगायची? गोमंतकातल्या देवळांचा चौक मुलींच्या पावलांना नवखा नाही. याच चौकात पिढ्यान्‌पिढ्या कलावंतिणी नाचल्या-गायल्या. त्यांच्या मुलींचा शेंस विधी होई. पुरुषवेष घातलेल्या दुसऱ्या मुलीशी त्यांचे लग्न लावले जाई. त्या देवाच्या म्हणवल्या जात, आणि वागवल्या जात ते देवळाच्या कारभाऱ्यांच्या मर्जीप्रमाणे. पाहणारे कोण, पारखणारे कोण, हे निराळे सांगायला नको. त्यांचे वंशज आम्हीच. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. पण गोमंतकात ही बेडी तुटली ती मुख्यतः त्या समाजातल्याच माणसांच्या पुढाकाराने. गोमंतक मराठा समाजाने मुलींना शाळेत घालण्यासाठी, त्यांची रीतसर लग्ने लावण्यासाठी किती अपमान गिळले, हे राजाराम पैंगीणकरांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला कळते. त्या कुळांतल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची थोरवी सर्व हिंदुस्थानने मान्य केली, ती त्यांच्या गळ्यातल्या विद्येची. केसरबाईंचे गाणे तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. ज्या चौकातून मुलींना बाहेर काढायला एका समाजाची दोन-तीन पिढ्यांची हाडे झिजली, त्याच चौकात आम्ही आपल्या पंधरा वर्षांच्या मुली हौसेने उभ्या करतो आणि आईबाप पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत असे मी म्हणत नाही. परंतु पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी मुलगी ही जागांची वाटणी तीच आहे, आणि ती आम्हांला खटकली नाही, एवढेच माझे म्हणणे.

धीटपणाचा मुद्दा खरा आहे. तेवीस मुलींपैकी दहा-बारा तरी त्या रात्री नक्की धीट झाल्या असतील. पण उरलेल्यांचे काय झाले? ज्या बावीस जणींना मुकुट मिळाला नाही त्यांना त्या रात्री गावासमक्ष असे कळले, की आपल्यात काही उणे आहे. आणि ते उणे अभ्यासाने, मेहनतीने भरून निघण्यासारखे नाही. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला पुन्हा बसता येते. वाकड्या दातांनी कोणत्या परीक्षेला पुन्हा बसायचे?

येथे कोणी रीटा फारियाचे नाव काढील, म्हणून मीच काढतो. मूळची गोमंतकीय घरातली, मुंबईत जन्मलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणारी ही मुलगी १९६६ साली लंडनला ‘मिस वर्ल्ड’ झाली. तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय. आम्हां गोंयकारांना तिचा अभिमान वाटला आणि वाटावा. पण पुढे काय झाले ते सांगायचे आम्ही विसरतो. वर्षभराने तिने चित्रपट आणि जाहिराती यांच्याकडे पाठ फिरवली, ती वैद्यकीच्या अभ्यासाकडे परत गेली आणि डॉक्टर झाली. ती त्या वेळी तेवीस वर्षांची, आपल्या मनाने गेलेली, हाती विद्या असलेली होती. तिचे उदाहरण तेरा वर्षांच्या मुलीच्या छातीवर क्रमांक टाचण्यासाठी वापरणे म्हणजे रीटावरही अन्याय आहे. आणि धीटपणाच शिकवायचा असेल तर उदाहरणे घराजवळ आहेत. सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी सुधाताई ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशाला, पोर्तुगीज पोलिसांच्या नाकावर टिच्चून, नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी उभ्या राहिल्या आणि तुरुंगात गेल्या. १९७३ ते १९७९ या काळात गोव्याचा कारभार चालवणाऱ्या शशिकलाताई काकोडकर पेडणे महालातल्या. त्यांच्यानंतर दुसरी स्त्री त्या खुर्चीवर बसलेली नाही. पेडण्यातल्या किती शाळकरी मुलींना ही गोष्ट ठाऊक आहे, ते एकदा विचारून पाहावे.

राहिला गर्दीचा मुद्दा. मुकुटावाचून मुली जमत नाहीत, असे म्हणणाऱ्याने पौषातला मांड पाहिलेला नसावा. पुरुष असल्यामुळे मीही तो दुरूनच, आईचा हात धरून जाण्याच्या वयातच पाहिला. धालो सुरू झाले की रात्रीची जेवणे आटोपून गावातल्या बायका-मुली मांडावर जमतात. बोलावणे लागत नाही, बक्षीस लागत नाही. समोरासमोर दोन ओळी उभ्या राहतात. एक ओळ गाते, दुसरी उचलून धरते. वाकत, सरकत, एक पुढे येते तेव्हा दुसरी मागे जाते. धरतरीला, गावच्या देवतांना हाक घातली जाते. पाच, सात, नऊ अशा विषम रात्री हे चालते, आणि शेवटच्या रात्री सोंगे येतात : बायकाच पारधी होतात, बायकाच सावज होतात, हसून हसून मांड दणाणतो. तेथे प्रेक्षक नाही. ज्याला पाहायचे त्याने ओळीत उभे राहायचे. जाड, बारीक, काळी, गोरी, दात वाकडे असलेली, सगळ्या एकमेकींच्या कमरेला हात घालून उभ्या. कोणाला कोण गुण देणार? आश्विन-कार्तिकात शेणाचा धिल्लो घालून भोवती गाणाऱ्या पोरींनाही कोणी परीक्षक नेमल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा मुलींना एकत्र आणण्याची रीत आमच्याकडे नव्हती म्हणून आम्ही ती बाहेरून आणली, ही सबब चालणार नाही. आमच्या बायकांनी ती रीत जपून ठेवली होती. ती आमच्या नजरेला पडली नाही, कारण त्या मांडावर आमच्यासाठी खुर्ची मांडलेली नसते.

मग परिषद भरवायची ती मांडासारखी का भरवू नये? पौषात अग्रशाळा रिकामीच असते. तीन दिवस ती मुलींच्या ताब्यात द्यावी. मुलींनी काय ऐकायचे ते मुलींनाच आधी लिहून द्यायला सांगावे. माझ्या छत्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, त्या जे लिहितील ते वाचून समितीची झोप उडेल. एक बाई डॉक्टर बोलवावी आणि कंबर मोजण्याऐवजी रक्त तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३९ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होते. सुशिक्षित, सुखवस्तू म्हणवणाऱ्या आमच्या गोव्यात हा आकडा चढतो आहे, आणि आम्ही हास्याला दहापैकी गुण देत आहोत! मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला आहे. तेथे केर काढण्यापलीकडची कोणती कामे आहेत आणि त्यांना कोणते शिक्षण लागते, हे पेडण्याच्या मुलींना कोणीतरी समजावून सांगावे. दिचोलीत खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या, ट्रक अंगणात गंजत उभे राहिले. त्या घरांत आधी कोणाचे शिक्षण थांबले, ते मी वर्गातल्या रिकाम्या बाकांवर पाहिले आहे.

आणि एक दिवस कायद्याला द्यावा. आमच्या मुली एका बाबतीत भाग्यवान आहेत आणि त्यांना ते कोणी सांगत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आमच्या कायद्यात बापाच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. मृत्युपत्र करूनही बापाला मुलांचा निम्म्या मिळकतीवरचा राखीव हक्क सहसा डावलता येत नाही. उरलेल्या हिंदुस्थानात सर्वत्र हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळायला २००५ साल उजाडले. एवढे मोठे शस्त्र आमच्या मुलींच्या हाती आहे, आणि बापाच्या बाराव्यानंतर काही महिन्यांतच नोटरीपुढे नेऊन हक्कसोडपत्रावर त्यांची सही घेतली जाते. ‘भावाकडे माहेर राहावे’ म्हणून त्या सही करतात. सही करू नये असे मी म्हणत नाही. कशावर सही करतो ते वाचता यावे, एवढे तरी सक्षमीकरण आम्ही करू शकतो.

येथपर्यंत वाचकांनी मान डोलावली असेल. आता जे लिहितो त्यावर ती डोलेल की नाही याची मला शंका आहे.

पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांच्या माजणींसाठी नियम केले आणि १९३३ साली ते नव्याने बांधले. पोर्तुगीज १९६१ साली गेले. ते नियम राहिले. आमच्या देवस्थानात, आणि गोव्यातल्या बहुतेक देवस्थानांत, महाजनपद पुरुषवंशाने चालते. माझ्या मुलाचे नाव महाजनांच्या नामावलीत आहे. तो पुण्याला असतो; दहा वर्षांत पालखीला खांदा द्यायला आलेला नाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही, नोकरी आहे. माझी मुलगी पाच मैलांवर सासरी आहे. जत्रेच्या आधी चार रात्री ती मंडपात फुलांच्या माळा ओवते. ती बँकेत हिशेबाचे काम करते, म्हणून उत्सवाचा जमाखर्च आमचे कार्यवाह गुपचूप तिच्याकडूनच तपासून घेतात. तिचे नाव नामावलीत नाही, आणि सभेच्या दिवशी ती मंडपाच्या खांबापलीकडे उभी असते. ज्या देवस्थानात देवी आहे, देवीच्या नावाने मुलींना मुकुट आहे, मुलींच्या नावाने परिषद आहे, त्या देवस्थानच्या सभेत एकाही मुलीला हात वर करण्याचा अधिकार नाही. मुकुट देणे सोपे आहे. तो दुसऱ्या दिवशी परत पेटीत ठेवता येतो. आमचाही तसाच ठेवला गेला, पुढल्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून.

कोणी म्हणेल, नियम सरकारचे आहेत, महाजनांच्या हाती काय आहे? सरकारकडे ठराव करून पाठवणे हाती आहे. उत्सव समितीत, जेथे नियमांची आडकाठी येत नाही, तेथे निम्म्या जागा बायकांना देणे हाती आहे. मंडपाच्या रंगासाठी देवीला प्रसाद लावणारे आपण, एकदा हाही प्रश्न तिच्यापुढे ठेवून पाहावा. डावी पाकळी पडेल असे मला वाटत नाही. पण पडली तर पडली, निदान विचारले तरी जाईल.

माजणीची वार्षिक सभा जवळ आली आहे. मी दोन ठरावांचा अर्ज लिहून दिला आहे : एक, नवरात्रातली ती स्पर्धा बंद करून पौषात मुलींचा तीन दिवसांचा मेळावा अग्रशाळेत भरवावा, आणि त्याचा खर्च मुकुट, दिवे, ध्वनिवर्धक यांवर गेल्या वर्षी लागलेल्या रकमेतूनच करावा, दुसरा, मुलींची नावे महाजनांच्या नामावलीत घेता यावीत म्हणून नियम बदलण्याची विनंती सरकारला करावी. अनुमोदक म्हणून दोघा महाजनांनी पहिल्यावर सही केली. दुसऱ्यावर अजून कोणाची नाही. कार्यवाहांनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. सात क्रमांकाच्या मुलीला मी शाळेच्या वाटेवर भेटलो तेव्हा मेळाव्याची गोष्ट सांगितली आणि तिला तेथे काय हवे ते लिहून द्यायला सांगितले. चार दिवसांनी वहीचे एक पान दुमडून तिने घरी पाठवले. त्यावर पेन्सिलीने एकच ओळ होती : दांतांचो दोतोर आपोवचो.